वर्गात गप्प, ओट्यावर बोलकी: आपल्या जिल्ह्यातल्या मुलांची भाषा नेमकी कुठे अडते?

पेठरोड

मंडळी, हा विषय बरेच दिवस मनात घोळतोय. मी दिंडोरी तालुक्यात, पेठच्या बाजूला एका जिल्हा परिषद शाळेत पहिली-दुसरीला शिकवते आणि नाशिकहून ये-जा करते. वर्गात घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलणारी मुलं आहेत, महादेव कोळ्यांची आहेत, द्राक्षबागेच्या कामाला सुरगाण्याकडून आलेल्या कुटुंबांची आहेत आणि गावातल्या बागायतदारांची थोडी. दरवर्षी एकच चित्र दिसतं. वर्गात काही विचारलं की खाली बघणारं पोर मधल्या सुट्टीत ओट्यावर बसून शेळी कशी व्याली, आधी काय झालं, मग कोण धावलं, आजी काय ओरडली, हे सगळं क्रमानं आणि ज्याच्या त्याच्या आवाजात सांगतं. आणि त्याच पोराच्या नोंदीत शेरा असतो, ‘भाषिक विकास अपुरा’. हा शेरा मला मान्य नाही. का नाही, ते सांगते.

वर्गात बोलण्याचे काही कायदे असतात आणि ते कुणी मुलांना सांगितलेलेच नसतात. मी पेन्सिल वर धरते आणि विचारते, “हे काय आहे?” पेन्सिल मला दिसते आहे, त्यालाही दिसते आहे, आणि मला उत्तर ठाऊक आहे हे त्यालाही कळतं. मग बाई विचारतायत कशाला? घरी त्याला असं कुणी विचारत नाही. घरी आजी विचारते, “गाय कुठं गेली?” कारण आजीला खरंच माहीत नसतं. शर्ली ब्राइस हीथ या अमेरिकी अभ्यासक बाईंनी कॅरोलायना भागातल्या दोन कष्टकरी वस्त्यांमध्ये अनेक वर्षं राहून-जाऊन केलेलं काम १९८३ साली प्रसिद्ध झालं. त्यातल्या एका वस्तीत मोठी माणसं लहानांना असे उत्तर-माहीत-असलेले प्रश्न विचारतच नव्हती. ती मुलं शाळेत गेल्यावर अशा प्रश्नांपुढे गप्प होत. तिथली वस्ती, तिथला वंशभेद, तिथला इतिहास वेगळा आहे. पण ते वाचताना मला माझा वर्ग दिसला.

दुसरा कायदा पूर्ण वाक्याचा. “तुझ्या हातात काय आहे?” “दगड.” उत्तर बरोबर आहे, तरी आम्ही म्हणतो, “पूर्ण वाक्यात सांग.” म्हणजे “माझ्या हातात दगड आहे.” वर्गाबाहेर असं कोण बोलतं?

तिसरा, ‘तू’चा. पहिलीतली मुलगी प्रेमानं म्हणते, “बाई, तू उद्या येशील ना?” तिच्या घरी आजोबांनाही ‘तू’च आहे, आणि त्यात अनादराचा लवलेश नाही. नव्या शिक्षकाला ते उद्धटपणाचं वाटतं, तो डाफरतो, आणि ती मुलगी पुढचे कित्येक दिवस तोंड उघडत नाही.

यातलं काहीही म्हणजे ज्ञान नव्हे. ही एका जागेची रीत आहे. ज्यांच्या घरात चित्रांची पुस्तकं दाखवून “हा कोण? वाघोबा!” असं चालतं, ती मुलं ही रीत शिकूनच येतात. बाकीच्यांना ती उघडपणे सांगायला हवी. एवढंच माझं म्हणणं आहे.

तुम्ही सगळे नाशिकचे, आसपासचे. घर, बाजार, कंपनी, देऊळ, कचेरी, वर्ग, यात तुमचं बोलणं कुठे कसं बदलतं? आणि ते बदलायला तुम्हाला कुणी शिकवलं?

बागलाणकर

ताई, वाचून राहवलं नाही. मी सटाण्याकडचा, सातपूरला कंपनीत आहे. सकाळी आईला फोन लावला की आमच्या अहिराणीत “माय, काय करी ऱ्हायनी? जेवन व्हयनं का?” गेटच्या आत गेलो की बिहार-यूपीच्या पोरांशी हिंदी. सुपरवायझरशी “सर, सेकंड शिफ्टला रिजेक्शन जास्त आलंय, सेटिंग बघायला पाहिजे.” आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये “माझं असं म्हणणं आहे की, पाण्याच्या टाकीचा विषय आधी घ्यावा.” एका दिवसात चार माणसं होतो मी, आणि चारही खरी.

कुणी शिकवलं? कुणीच नाही. कान लावून शिकलो. पण शाळेत जे झालं ते अजून आठवतं. पाचवीला एका शिक्षकांनी विचारलं, वडील काय करतात? मी उभा राहून म्हणालो, “बाप वावरमा जास,” म्हणजे शेतात जातो. वर्ग हसला. शिक्षकही हसले आणि म्हणाले, ही भाषा घरी ठेवून येत जा. त्यानंतर मी हात वर करणं सोडलं, उत्तर येत असलं तरी. गणितात बरा होतो म्हणून तरलो. ज्यांना गणित जमत नव्हतं ते माझे दोस्त आठवीनंतर शाळेत दिसले नाहीत.

गंगाघाट

पंचवटीत आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या पौरोहित्य आहे. (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो, म्हणून हे नाव घेतलं.) रामकुंडावर उभं राहून ऐकलंत तर या धाग्याचा अख्खा विषय दहा मिनिटांत कानावर पडेल. संकल्प संस्कृतात, मास, पक्ष, तिथी, गोदावरीचा तीर, सगळं ठरलेल्या सुरात. सूचना यजमानाच्या भाषेत. विदर्भातले असतील तर मराठी, गुजरातचे असतील तर गुजराती वळणाची हिंदी: “सीधे हाथ में पानी लीजिए, अब नाम-गोत्र बोलिए.” तेवढ्यात खिशातला फोन वाजला की “हां, येऊ राहिलो रे, फुलं घेऊन ठेव.”

माझे वडील मला एक गोष्ट नेहमी बजावत. यजमान दुःखात आलेला असतो, त्याला संस्कृत कळत नाही आणि ते कळत नसल्याची त्याला लाजही वाटत असते. म्हणून प्रत्येक कृती त्याच्या भाषेत सांगायची, मंत्राचा आवाज मात्र तसाच ठेवायचा. मंत्र सोपा करून म्हणायचा नाही आणि सूचना अवघड करून द्यायची नाही. मला वाटतं ताई जे वर्गाबद्दल म्हणतायत ते याच्या फार जवळचं आहे. विधीची भाषा परकी असली तरी चालते, पण विधीत सामील कसं व्हायचं ते माणसाच्या भाषेत सांगावं लागतं.

निफाड_बागाईत

मी शेतकरी माणूस, लिहायची सवय नाही, चूकभूल द्यावी.

माझा मुलगा नववीला आहे. परवा त्याच्या विज्ञानाच्या सरांनी सांगितलं की द्रावणाची संहती त्याला कळतच नाही. मला नवल वाटलं. कारण बागेत डिपिंगच्या, म्हणजे घड औषधात बुडवायच्या वेळी हाच पोरगा टाकीवर असतो. जीए, म्हणजे मणी वाढवायचं संप्रेरक, पाण्यात सरळ विरघळत नाही, आधी थोड्या ॲसिटोनमध्ये विरघळवून घ्यावं लागतं, मग पाण्यात सोडायचं, हे त्याला माहीत आहे. दोनशे लिटरला दोन ग्रॅम म्हणजे दहा पीपीएम, दहा लाख भागांत दहा भाग. पंधरा पाहिजे असेल तर तीन ग्रॅम. हे तो तोंडी करतो. पाण्याचा पीएच किती, औषध कशानं फाटेल, हेही सांगतो. घरात आम्ही हेच बोलू राहिलो ना दिवसभर: डाऊनी, भुरी हे रोग, ईसी म्हणजे पाण्यातले क्षार, मणी किती एमएमचा झाला.

मग घरी त्याला पुस्तक घेऊन बसवलं आणि म्हटलं, इढं बघ, जीए म्हणजे द्राव्य, पाणी म्हणजे द्रावक, आणि तू जे पीपीएम म्हणतो ना तीच ही संहती. तो माझ्या तोंडाकडे बघतच राहिला. म्हणाला, “पप्पा, हे तेच आहे?” सरांचा दोष नाही. त्यांना माहीत नव्हतं की याच्या डोक्यात हे आधीच आहे, आणि याला माहीत नव्हतं की वर्गात हे बोलायला चालतं.

बाजार समितीतही भाषा वेगळी असते. कांद्याच्या लिलावात ट्रॅक्टरपाशी व्यापारी येतो, मूठभर कांदा हातात घेतो, बोली सुरू. तिथं “शेठ, माल बघा ना, सुकवलेला आहे” एवढंच बोलायचं, जास्त बोललं की पडतं माप. गोल्टी म्हणजे बारीक कांदा मिसळला का, उन्हाळ आहे का लाल, हे दोन शब्दांत. बाहेर “काय भाव निघाला?” आणि “निघाला आपला.” आकडा लगेच कुणी सांगत नाही. लहान पोरगं बापासोबत चार वेळा गेलं की त्याला समजतं कुठं गप्प बसायचं. मग वर्गात ते गप्प बसलं तर त्याला बोलता येत नाही असं कसं म्हणायचं?

कॉलेजरोड

सगळ्यांच्या भावना समजतात, पण मला वेगळं बोलायचंय आणि ते स्पष्टच बोलतो. मी स्पर्धा परीक्षांचे वर्ग घेतो. कळवण, सुरगाणा, पेठ, नांदगाव, सगळीकडची हुशार मुलं येतात. मुलाखतीच्या तयारीत पहिल्या पाच मिनिटांत त्यांचा आत्मविश्वास कोसळताना मी पाहतो. ‘लोकशाही विकेंद्रीकरण’ यावर त्यांच्याकडे विचार आहे, गावच्या ग्रामसभेचा अनुभव आहे. पण तो अनुभव प्रमाण मराठीत, तीन मुद्द्यांत, अनोळखी माणसांपुढे मांडता येत नाही. निबंधाच्या पेपरात तर विचारूच नका.

हे का होतं? दहा-बारा वर्षं त्यांना कुणी प्रमाणभाषा कसून शिकवलीच नाही. ‘बोलीचा सन्मान’ म्हणत म्हणत शाळेनं हात झटकले. पुण्याच्या, नाशिक शहराच्या मुलांना ती घरी मिळते. माझ्या सुरगाण्याच्या मुलाला ती फक्त शाळेतच मिळू शकते. तिथंही मिळाली नाही तर त्याच्यावर दुहेरी अन्याय. अर्ज, नोटीस, निकालपत्र, कायदा, सगळं त्याच भाषेत आहे. १९६४ च्या राजभाषा अधिनियमानं राज्यकारभाराची भाषा मराठी झाली, पण ती कुणाची मराठी? ‘उपरोक्त विषयान्वये’ वाली. ती शिकवा. कडकपणे शिकवा. तुमच्या मवाळपणाची किंमत तो मुलगा पंचविसाव्या वर्षी मोजतो.

पेठरोड

कॉलेजरोड, तुमचा राग रास्त आहे आणि अर्ध्याहून अधिक मला मान्य आहे. प्रमाणभाषा शिकवायचीच, आणि नीट शिकवायची. आपला वाद ती केव्हा आणि कशाच्या जागी, यावर आहे.

तुमच्याकडे येणारा मुलगा हा गळतीतून वाचलेला मुलगा आहे. तो बारावीपर्यंत टिकला, पदवी घेतली, नाशिकला खोली घेऊन राहिला. मी ज्या मुलांबद्दल बोलतेय त्यातली बरीचशी तुमच्यापर्यंत पोचतच नाहीत. बागलाणकरांनी लिहिलं ते पुन्हा वाचा. त्यांना प्रमाणभाषा कडकपणेच शिकवली होती. ‘घरी ठेवून ये’ हा कडकपणाच होता. त्यानं प्रमाणभाषा आली नाही, हात वर करणं मात्र गेलं.

मी पहिलीला “तू जे बोललास ते चूक” असं म्हणत नाही. “हे आपण घरी असं म्हणतो, आता पुस्तकात कसं म्हटलंय बघू” असं म्हणते. मूल सहा वर्षांचं असलं तरी त्याला हे लगेच समजतं, कारण आजीशी एक, आत्याच्या सासरच्यांशी दुसरं, असं ते आधीपासून करतच असतं.

अक्षरवाट

चर्चा फार मोलाची चालली आहे. माझा भाषाविज्ञानाचा थोडा अभ्यास आहे, त्यातून काही गोष्टी जोडतो.

बागलाणकरांचा किस्सा घेऊ. ब्रिटिश काळात ग्रियर्सन या अधिकाऱ्यानं भारतातल्या भाषांचं सर्वेक्षण केलं तेव्हा मराठीला सातवा खंड दिला, पण खानदेशी-अहिराणी त्यात ठेवली नाही. ती नवव्या खंडात, भिली भाषांसोबत आली. वर्गीकरणावर पुढे मतभेद झाले, होत राहतील. मुद्दा असा की अहिराणी ही ‘बिघडलेली मराठी’ नाही, तिचं स्वतःचं व्याकरण आहे. मी जास, तू जास, तो जास. क्रियापद पुरुषाप्रमाणे बदलत नाही, बोलणारी बाई असो वा बुवा. प्रमाण मराठीत मात्र मी जातो, मी जाते, तू जातोस, तू जातेस. म्हणजे अहिराणी घरातल्या मुलीला शाळेत एक नवी व्यवस्था शिकावी लागते. तिनं वहीत ‘मी जातो’ लिहिलं तर तिथे लाल रेघ मारून भागत नाही. कुठला फरक तिला शिकायचाय हे शिक्षकाला माहीत असेल तर पंधरा मिनिटांत काम होतं.

कॉलेजरोड यांच्या मुद्द्याला बळ देणारी एक गोष्ट सांगतो. १९५९ साली चार्ल्स फर्ग्युसन या भाषाशास्त्रज्ञांनी अरबी, ग्रीक, स्वित्झर्लंडमधली जर्मन आणि हैतीतली क्रिओल ही चार उदाहरणं घेऊन दाखवलं की काही समाजांत लिखापढीची, प्रतिष्ठेची भाषा एक आणि रोजच्या बोलण्याची दुसरी असते. तिथली एक अट महत्त्वाची: प्रतिष्ठेची भाषा घरी कुणीच बोलत नाही. म्हणजे शाळेत सगळी मुलं तिला सारखीच परकी. आपल्याकडे तसं नाही. प्रमाण मराठी काही घरांत रोज बोलली जाते. म्हणून वर्गात बसलेल्या चाळीस मुलांपैकी काहींची घरची भाषा हीच परीक्षेची भाषा असते आणि बाकीच्यांची नसते. ही असमानता शाळेनं नाकारून चालणार नाही. इथवर कॉलेजरोड बरोबर आहेत.

पण आता ताईंची बाजू. १९६९ साली विल्यम लबॉव्ह या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञांनी न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या एका आठ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाबद्दल लिहिलं. मोठा माणूस समोर बसून प्रश्न विचारू लागला की मुलगा एका शब्दात उत्तरं देई. मुलाखत घेणारा स्वतः हार्लेमचा, कृष्णवर्णीय, ओळखीचा, तरी तेच. पुढच्या वेळी त्यानं बटाट्याच्या वेफर्सची पिशवी आणली, मुलाच्या जिवलग दोस्ताला सोबत बसवलं, स्वतः जमिनीवर बसला, आणि तोच मुलगा बोलायचा थांबेना. मूल तेच, माणूस तोच. बसण्याची पद्धत आणि सोबत बदलली. त्या काळी अशा मुलांना ‘भाषाच नसते’ असं सांगणारे सिद्धांत जोरात होते, त्यांना हे उत्तर होतं.

‘भाषिक विकास अपुरा’ हा शेरा लिहिण्याआधी, पाहणी करणाऱ्यानं मुलाला कुठे बसवून, कुणासमोर, काय विचारलं, हे शेजारच्या रकान्यात लिहायची सक्ती असावी असं मला मनापासून वाटतं.

इंदिरानगर

माझा अनुभव थोडा दुसऱ्या टोकाचा. मुलगी इंग्रजी माध्यमात, पाचवीत. घरी मराठीच बोलतो, तरी ती “मी शूज वेअर केले, बॉटल फिल कर ना” असंच बोलते. शाळेत तिचं सगळं छान चाललंय, बाई खूश. पण सिन्नरला सासरी गेलो की आजेसासूबाईंशी तिचं बोलणंच होत नाही. त्या म्हणतात, “का गं, जेवली का नाही?” ही “हो” म्हणते आणि संपलं. शब्द नाहीत असं नाही. म्हाताऱ्या माणसाशी गप्पा कशा मारायच्या, मध्ये ‘मग?’, ‘अगंबाई!’ कधी म्हणायचं, हेच तिच्याकडे नाही.

पेठरोडताईंच्या वर्गातलं मूल ओट्यावर बोलकं आणि वर्गात गप्प. माझी मुलगी वर्गात बोलकी आणि ओट्यावर गप्प. तिच्या प्रगतिपुस्तकात मात्र कुणी ‘भाषिक विकास अपुरा’ लिहिणार नाही.

पेठरोड

इंदिरानगर, तुमचं शेवटचं वाक्य मी शिक्षण परिषदेत वाचून दाखवू का? तुमची परवानगी असेल तरच.

इंदिरानगर

जरूर वाचा.

मालेगावी

उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. आमच्याकडे हाच प्रश्न उर्दूत आहे, हे इथे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. बाहेरच्यांना वाटतं मुलं घरी उर्दू बोलतात, शाळा उर्दू, मग अडचण काय? मालेगावात विणकर घराणी उत्तरेकडून आली, इथे पिढ्या गेल्या, शेजार अहिराणीचा आणि मराठीचा. यंत्रमागाच्या खडखडाटात, गल्लीत जी बोली तयार झाली ती पुस्तकातली उर्दू नाही. वर्गात मूल ‘आप तशरीफ़ रखिए’ वाचतं आणि घरी तसं कुणी बोललेलं त्यानं ऐकलेलं नसतं. आणि तेच मूल मुशायऱ्याला बापाच्या मांडीवर बसून रात्रभर शुद्ध उर्दू ऐकतं, दाद द्यायच्या जागी दाद देतं. त्यामुळे मी नज़्म शिकवायला तिथून सुरुवात करतो. ऐकणं आधी, म्हणणं नंतर, लिहिणं त्याच्याही नंतर.

सांगली जिल्ह्यातल्या कुपवाड गावाचा एक प्रसिद्ध अभ्यास आहे, गम्पर्झ आणि विल्सन यांचा, १९७१ चा. एकाच गावात मराठी, कन्नड, उर्दू आणि थोडी तेलुगू. शेकडो वर्षं शेजारी राहून वाक्यांची रचना इतकी एकसारखी झाली की शब्दाच्या जागी शब्द ठेवला तरी वाक्य होतं, पण शब्द मात्र ज्याचे त्याचे. घरात आपली भाषा, चार लोकांत मराठी. मला हे वाचून मालेगावच आठवतं. लोक भाषा सोडत नाहीत आणि अडूनही राहत नाहीत. शाळेनं एवढा जरी विश्वास ठेवला तरी पुष्कळ होईल.

ओपीडी_दोन

छोटासा प्रतिसाद. मी परिचारिका आहे. रुग्ण ‘छातीत चमक मारते’, ‘पोटात मुरडा येतो’, ‘हातापायाला मुंग्या येतात’ असं सांगतात. यातला प्रत्येक शब्द नेमका असतो, तपासणीला उपयोगी असतो. नवीन डॉक्टर “म्हणजे पेन होतं का?” विचारतात आणि रुग्ण “हो” म्हणून मोकळा होतो. माहिती गेली. आम्ही मध्ये पडून पुन्हा विचारतो: चमक कुठून कुठे जाते, काकी? मग सगळं बाहेर येतं. वर्गात बाईंनी “पूर्ण वाक्यात सांग” म्हटल्यावर हेच होत असणार.

गुरुजी_नांदूर

सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक. निम्मी नोकरी सुरगाण्यात, निम्मी निफाडात. वर बरीच विद्वत्तापूर्ण चर्चा झाली, मी फक्त वर्गात काय करायचो ते लिहितो.

फळ्याच्या मधोमध उभी रेघ. एखाद्या मुलाला कालची घटना सांगायला लावायची, त्याच्या बोलीत. मी रेघेच्या डावीकडे ती जशीच्या तशी लिहायचो. मला शब्द अडला की मुलं सांगायची, गुरुजींना शिकवताना त्यांना फार आनंद व्हायचा. मग सगळ्या वर्गानं मिळून उजवीकडे तेच पुस्तकी मराठीत लिहायचं. डावीकडचं पुसायचं नाही. हे पथ्य महत्त्वाचं, कारण पुसलं की मुलाला वाटतं ते चुकलं होतं. सातवीपर्यंत मुलं दोन्हीकडे सहज ये-जा करायची. तिसरीनंतर मी आणखी एक करायचो. तीच घटना तलाठ्याला अर्जात कशी लिहाल? मामाला पत्रात कशी लिहाल? ‘आमचा बैल मेला’ हे वाक्य अर्जात ‘माझ्या मालकीचा एक बैल दिनांक अमुक रोजी मृत झाला असून’ असं होतं, मामाच्या पत्रात ‘आपला ढवळ्या गेला’ होतं. पोरांना दोन्ही कळायचं.

एक लक्षात घ्या, लेखी मराठीतही एकच रूप नाही. साहित्य महामंडळाचे १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम आले तेव्हा आम्हांला वाटलं आता सगळं एका साच्यात. पण ‘सांगितले’ आणि ‘सांगितलं’ दोन्ही छापलं जातं, एक अर्जात, एक गोष्टीत. म्हणजे नियम करणाऱ्यांनीही बोलण्याला जागा ठेवलीच.

कॉलेजरोड, तुमच्या वर्गात हा डाव्या-उजव्या रेघेचा प्रयोग मोठ्या मुलांवर करून पाहा. ग्रामसभेचा अनुभव आधी त्यांच्या बोलीत बोलू द्या, पूर्ण. मग उजवीकडे तीन मुद्दे काढा.

कॉलेजरोड

गुरुजी, नमस्कार. हे करून बघतो. पेठच्या एका विद्यार्थ्याला आजच सांगितलं, वनहक्क दाव्याबद्दल घरी जसा बोलतोस तसा बोल. तो जे बोलला त्यात कायदा, पुरावे, समितीची बैठक, मोजणी, सगळं होतं. एरवी तो “वनहक्क कायदा २००६ हा अत्यंत महत्त्वपूर्ण कायदा आहे” यापुढे सरकत नव्हता.

माझा मूळ आग्रह मात्र सोडत नाही. उजवी बाजू रोज झाली पाहिजे, तपासली गेली पाहिजे, तिला गुण असले पाहिजेत. डावीकडेच रमणारे शिक्षकही मी पाहिलेत. आणि एक व्यावहारिक प्रश्न: गुरुजींना सुरगाण्याची बोली येत होती. पुण्या-साताऱ्याहून बदलून आलेल्या शिक्षकानं डावीकडे काय लिहायचं? शिक्षणहक्क कायद्यात, २००९ च्या, शक्यतो मातृभाषेतून शिक्षण असं लिहिलंय. २०२० च्या राष्ट्रीय धोरणात किमान पाचवीपर्यंत घरची भाषा. कागदावर सगळं आहे. सोमवारी सकाळी अकरा वाजता वर्गात उभ्या असलेल्या त्या शिक्षकाच्या हातात काय आहे?

पेठरोड

हा खरा प्रश्न. माझ्या हातात काय आहे ते सांगते.

मलाही कोकणा येत नव्हती. पहिल्या महिन्यात अंगणवाडीताई आणि स्वयंपाकाच्या मावशी यांच्याकडून वर्गात रोज लागणारं बोलणं लिहून घेतलं: बस, उठ, दाखव, तहान लागली का, कोण मारतं, दुखतं कुठे, समजलं का, परत सांग. मोजकीच वाक्यं. तेवढ्यानं मुलांची भीती निम्मी होते. ‘तू’बद्दल मी त्यांना रागावत नाही. दिवाळीनंतर हळूहळू सांगते की शाळेत, दवाखान्यात, बसमध्ये मोठ्यांना ‘तुम्ही’ म्हणायची रीत आहे, आणि खेळातून म्हणून घेते. कुणी डॉक्टर होतं, कुणी कंडक्टर. उत्तर-माहीत-असलेले प्रश्नही मी आता सांगून विचारते: “मला माहीत आहे, पण तुला येतं का बघायचंय.” या एका वाक्यानं फार फरक पडला. आणि रोज निदान एक प्रश्न असा विचारते की ज्याचं उत्तर मला खरंच माहीत नाही. तुमच्या पाड्यावर पाणी कुठून आणतात? नागलीची भाकरी कशी थापतात? मोहाची फुलं कधी वेचतात? तेव्हा मागच्या रांगेतली मुलं पुढे येतात.

कॉलेजरोड, उजव्या बाजूला गुण हवेत हे मान्य. माझी मागणी एवढीच की पहिली-दुसरीच्या तोंडी परीक्षेत मुलाला कुठल्याही भाषेत गोष्ट सांगू द्यावी. क्रम, कारण, कोण काय म्हणालं, हे तपासावं. प्रमाण मराठीचे गुण तिसरीपासून वेगळे द्यावेत. दोन्ही एकाच रकान्यात कोंबले की ‘अपुरा’ हाच शेरा येणार.

बागलाणकर, एक विनंती आहे. आमच्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, कळवणहून आलेली काही अहिराणी मुलं आहेत आणि त्यांच्या बाईंना अहिराणी अजिबात येत नाही. वर्गात लागणारी वाक्यं मी मराठीत लिहून पाठवते, तुम्ही अहिराणी करून द्याल का? गुरुजी, सुरगाण्याकडची तुमच्याकडे असतील तर तीही. मालेगावी, तुमच्या गल्लीतली सुद्धा.

बागलाणकर

धाडा ताई. माय नाशिकलाच आलेली आहे, तिला बसवतो सोबत. माझी अहिराणी आता शहरात राहून मिसळलेली झालीय, तिची तपासून घेऊ.

गुरुजी_नांदूर

माझ्याकडे जुन्या टाचणवह्या, म्हणजे पाठांच्या तयारीच्या वह्या, आहेत. त्यात डावीकडची वाक्यं आहेत, बरीच. फोटो काढून इथेच टाकतो, नातू मदत करेल.

निफाड_बागाईत

द्राक्षबागेच्या कामातले शब्द पाहिजे असतील तर मी लिहून देतो. मजुरांची पोरं तेच ऐकत मोठी होतात: घड, विरळणी, डिपिंग, पेटी. गणिताला उपयोगी पडतील. एका पेटीत किती किलो, एका वेलीला किती घड ठेवायचे, पोरांना पाठ आहे.